आजीच्या तबकडीवर माझी सुई

आमच्या बडोद्यात गरब्याला डीजे लागत नाही. नवरात्रात मैदानावर गायक आणि वादक समोर बसलेले असतात, त्याशिवाय इथल्या माणसाचं पाऊल उचलत नाही. डीजे लागतो तो लग्नाच्या आदल्या रात्रीच्या संगीताला, आणि त्याच्यापुढेही बहुतेक वेळा एक लॅपटॉपच असतो. त्यामुळे मला खऱ्या तबकड्यांवर शिकायचंय, दोन टर्नटेबल हवेत, असं मी घरी सांगितलं तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, "दोन कशाला?" एकावर गाणं चालू असताना दुसऱ्यावर पुढचं तयार ठेवायचं असतं, हे त्यांना पटलं. पैसे मात्र एकाचेच मिळाले. दुसरा मी शिकवण्यांच्या पैशांतून घेतला.

दांडिया बाजारातल्या आमच्या घरात आजोबांच्या तबकड्या दोन कपाटं भरून आहेत. नव्या तबकड्या महाग, म्हणून सराव त्यांच्यावरच. हातात आली लता मंगेशकरांची 'अभंग तुकयाचे', संगीत श्रीनिवास खळ्यांचं. एका अभंगाचा ठेका नेमका जिथे सुरू होतो ती जागा शोधायची, तबकडी बोटांनी मागे न्यायची, पुढे सोडायची, परत मागे. याला क्यू करणं म्हणतात. तीन दुपारी मी हेच केलं.

आषाढी एकादशीला आजीने तीच तबकडी लावायला सांगितली. त्या जागी सुई पोचली आणि खर्रर्र असा आवाज आला. आजी म्हणाली, "अगं, बाहेर पाऊस आला का?" पाऊस नव्हता. तीन दुपारींत मी खाचेच्या भिंती घासून टाकल्या होत्या. डीजे लोक याला क्यू बर्न म्हणतात, आणि तो पुसून जात नाही. ती तबकडी आजोबांनी आजीला आणून दिलेली होती.

त्यानंतर मी सुया शिकले. आधी शिकायला हव्या होत्या.

टर्नटेबलच्या हाताच्या टोकाला असते ती कार्ट्रिज, आणि कार्ट्रिजमधून खाली येते ती सुई. सुईच्या टोकाला हिऱ्याचा कण असतो. (आजीने लगेच विचारलं, "सुरतेचा का गं?") खाचेतून जाताना हा कण थरथरतो, एका बारीक दांडीतून ती थरथर कार्ट्रिजमधल्या चुंबकाला आणि तारेच्या गुंडाळ्यांना कळते, आणि तिची वीज होते. मुख्य फरक त्या कणाच्या आकारात आहे. गाणी ऐकण्याच्या टर्नटेबलसोबत बहुधा लंबगोल टोकाची सुई येते. तिच्या कडा अरुंद, त्यामुळे ती खाचेतले बारीक तपशील छान वाचते. पण टेकण्याची जागा लहान, म्हणून तेवढ्यावरचा दाब जास्त. त्यात दांडी तिरकी बसवलेली असते. काठी मागे ओढत चाललो तर ती सरसर येते, तीच पुढे ढकलली तर जमिनीत रुतते. तबकडी उलटी फिरवली की सुईचं हेच होतं. माझी सुई लंबगोलच होती.

डीजेसाठी गोल टोकाची सुई बरी. पुढे-मागे दोन्हीकडून सारखी, दांडी जाड, आवाजही मोठा. डॅनिश कंपनी ऑर्टोफॉनची कॉनकॉर्ड 1979 पासून आहे, विमानाच्या नाकासारखी लांबट; वेगळं हेडशेल लागत नाही, थेट हाताला लावायची. स्क्रॅच करणारे मात्र शुअरच्या एम44-7 वर जीव टाकायचे, कारण ती खाच सोडत नसे. शुअरने 2018 मध्ये सुया-कार्ट्रिज बनवणं बंद केलं आणि जुन्या सुयांचे भाव चढले. माझं मत विचाराल तर शिकणाऱ्याने त्या मागे लागू नये. कोणतीही साधी, गोल टोकाची, जिची बदली सुई वेगळी मिळते अशी कार्ट्रिज घ्यावी. सुई झिजणारच, दर वेळी सगळी कार्ट्रिज टाकून कशी चालेल? आणि नाव ओळखीचं दिसलं म्हणून घेऊ नये. कॉनकॉर्डमध्येच क्लब नावाची आहे, तिचं टोक लंबगोल.

लॅपटॉपला जोडलेल्या खास तबकड्यांवर वाजवणार असाल तर गोष्ट आणखी सोपी. त्या तबकडीवर गाणं नसतंच, फक्त एक खुणेचा सूर असतो. त्यावरून संगणकाला वेग आणि दिशा कळते. तिथे नाजूक आवाजाच्या सुईवर पैसे घालवणं म्हणजे उधळपट्टी.

मग वजन. मला वाटायचं, सुईचा भार जितका कमी तितकी तबकडी सुखी. उलटं आहे. भार कमी पडला तर सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतींवर आपटते. ऐकण्याच्या सुईला साधारण दोन ग्रॅम, डीजेच्या कार्ट्रिजला तीन ते पाच ग्रॅम. नेमका आकडा तिच्या कागदावर असतो, तोच पाळायचा. टर्नटेबलच्या मागच्या वजनावरच्या आकड्यांवर मी विसंबत नाही, छोटा डिजिटल काटा आणलाय. आजी त्यावर केशर तोलून बघते.

माझ्या सुयांचा डबा बघून आजीने पेटीतून एक जड काळी तबकडी काढली. हिराबाई बडोदेकर. हिराबाईंचा जन्म 1905 चा, मिरजेचा. वडील अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने बडोद्याच्या. म्हणून नावात आमचं गाव. "ही लागेल का तुझ्या मशीनवर?" माझ्या एका टर्नटेबलला 78 चा वेग आहे, म्हणून मी हो म्हणणार होते. तेवढ्यात सुई आठवली.

या तबकड्या लाखेच्या, आणि त्यांची खाच रुंद. एलपीची गोल सुई साधारण 0.0007 इंचाची, 78 ची 0.003 इंचाची, म्हणजे चौपटीहून मोठी. बारीक सुई तिथे खाचेच्या तळाशी जाऊन धूळ वाचत बसते. आणि 78 ची सुई चुकून एलपीवर ठेवली तर खाचेच्या कडाच फोडते. ग्रामोफोनच्या काळात पोलादी सुई असायची आणि एका बाजूला एक, असा हिशेब. लाखेत दगडाची भुकटी मिसळत, ती सुईला झिजवून खाचेच्या मापाची करी. झिजायचं सुईने, तबकडीने नाही. आजीला हे माहीत होतं. सुयांचा पत्र्याचा डबा आणायला लहानपणी तिलाच पिटाळत.

माझ्या कार्ट्रिजला चालणारी 78 ची सुई मागवली, तीन आठवड्यांनी आली. पाच ग्रॅम भार लावला, तबकडी पुसली, आणि आजीला खुर्ची ओढून दिली. आधी नुसती खरखर. मग हिराबाई. तीन-साडेतीन मिनिटांत संपलं, आणि आजी म्हणाली, "दुसरी बाजू." तिथे मी बोट लावलं नाही.

'अभंग तुकयाचे' आता माझ्या कपाटात नाही, आजीच्या उशाशी आहे. या आषाढीला ती तिने स्वतः आणून दिली. त्या जागी पाऊस आला तेव्हा तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि टाळ्यांचा ठेका चालू ठेवला.