ऑक्टेव्हिया आरएस, मालक तिसरा

सेकंडहँड गाडी बघायला गेलेला माणूस तीन प्रश्न हमखास विचारतो: किती चालली, ॲव्हरेज किती देते आणि शेवटचं किती होईल. स्कोडा ऑक्टेव्हिया आरएसच्या मालकाला यातला दुसरा प्रश्न विचारला, की तो चहा पाजून आपल्याला वाटेला लावतो. गिऱ्हाईक आपलं नाही, हे त्याला कळलेलं असतं.

ही गाडी भारतात आली 2004 साली. त्या काळी टर्बो म्हटलं की डिझेल, हे गणित डोक्यात पक्कं होतं. पेट्रोल इंजिनाला टर्बो लावलेली, दिसायला साधीसुधी कुटुंबवत्सल गाडी इथल्या रस्त्यांवर फारशी कुणी पाहिली नव्हती. डिकी मागच्या काचेसकट वर उघडते, त्यात गावाकडून आणलेली तांदळाची पोती सहज मावतात. बॉनेटखाली मात्र 1781 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, सिलिंडरमागे पाच असे एकूण 20 व्हॉल्व्ह, 150 अश्वशक्ती आणि 210 न्यूटन-मीटर टॉर्क. आज हे आकडे किरकोळ वाटतील. पण तो टॉर्क 1750 आरपीएमला हजर होतो आणि 4600 पर्यंत जागचा हलत नाही. खंबाटकीच्या चढावर पुढच्या ट्रकला मागे टाकताना गिअर न बदलता नुसता पाय दाबला की काम होतं. ज्यांनी एकदा हे अनुभवलं, ते वीस वर्षांनीही जुन्या जाहिराती चाळत बसतात.

आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट. चेक प्रजासत्ताकातल्या म्लादा बोलेस्लाव इथल्या या कंपनीने सत्तरच्या दशकात 130 आरएस नावाची छोटी, मागे इंजिन असलेली गाडी रॅलीत उतरवली आणि 1977 च्या माँटे कार्लो रॅलीत आपल्या गटात बाजी मारली. 1991 मध्ये स्कोडा फोक्सवॅगन समूहात गेली. आपल्याकडे 2001 पासून ऑक्टेव्हिया औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्रा एमआयडीसीतून बाहेर पडू लागली. महाराष्ट्रात या गाड्यांशी बोलणारे हात अजून सापडतात, त्याला हेही एक कारण आहे.

इंजिनाचं घराणं मोठं आहे. हेच 1.8 टर्बो त्या काळच्या गोल्फ जीटीआयमध्ये होतं, ऑडी ए3 मध्ये होतं, आणि ऑडी टीटीमध्ये मोठा टर्बो लावून त्यातून 225 अश्वशक्ती काढली जात होती. युरोपातल्या ऑक्टेव्हिया आरएसला 180 होती. आपल्या वाट्याला 150 आली. या एका गोष्टीने मालकांची झोप उडवली आहे. आत 30 घोडे बांधून ठेवलेत आणि दावं सोडायचं बाकी आहे, असं प्रत्येक नव्या मालकाला पहिल्या आठवड्यातच वाटायला लागतं. माझं मत विचाराल तर दावं सोडायला हरकत नाही, पण आधी गोठ्याचं छप्पर बघा.

गाडी बघायला जायचं ते सकाळी, आणि आधी फोन करून सांगायचं की इंजिन चालू करू नका. पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर. कोमट लागलं तर समजावं की मालकाने आपल्या आधी काहीतरी ऐकून घेतलंय. थंड इंजिन सुरू करताना दोन कॅमशाफ्टमधल्या छोट्या चेनचा ताण सांभाळणारा टेन्शनर थकला असेल तर खडखड ऐकू येते. निळसर धूर दिसला तर तेल जळतंय, मग ते टर्बोतून असो की व्हॉल्व्हच्या सीलमधून. तेलाचं झाकण उघडून आत बोट फिरवावं. काळा चिकट गाळ लागला तर पुढचं बोलणं बंद. टर्बोची चक्री मिनिटाला लाखभर फेरे घेते, तिला स्वच्छ तेल हवं. स्वस्त तेल घालून, ते वेळेवर न बदलता चालवलेल्या गाडीत तेल ओढणारी जाळी गाळाने बुजते आणि आधी बळी जातो तो टर्बोचा.

मीटरवर विश्वास ठेवू नये. ते डिजिटल आहे, लॅपटॉप लावून मागे घेता येतं. त्यापेक्षा क्लच पेडलचं रबर, स्टिअरिंगच्या चामड्याची चकाकी आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बघावी. खरोखर 60 हजार किलोमीटरच चाललेल्या गाडीचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं. सगळ्या काचांवरचे वर्षाचे शिक्के जुळतात का, तेही बघावं; एकच काच वेगळ्या सालाची निघाली की प्रश्न विचारायला जागा मिळते. दिल्लीत पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आल्यावर बऱ्याच गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत पसरल्या. अशा गाडीचा इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघावा, आणि कर्ज फिटल्याची नोंद आरसीवर झाली आहे ना, याची खात्री करावी. एजंट सांगतो म्हणून नव्हे.

या सगळ्याहून वजनदार गोष्ट म्हणजे बिलांची फाइल. भोसरीतल्या एका गाळ्यात ऐकलेला संवाद सांगतो.

"साहेब, टायमिंग बेल्ट कधी टाकलाय?"

"आधीच्या मालकाने टाकलाय म्हणे."

"बिल आहे?"

"बिल नाहीये."

"मग टाकून घ्या. तुटला तर मी हेड उतरवणार, तुम्ही डोक्याला हात लावणार."

मिस्त्री खरं तेच सांगत होता. या इंजिनात बेल्ट तुटला की उघडे व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आपटून वाकतात. बेल्टबरोबर टेन्शनर आणि वॉटर पंपही बदलायचा, कारण पंप तोच बेल्ट फिरवतो आणि पुन्हा सगळं उघडण्याची मजुरी वेगळी. मूळ पंपाची आतली पाती प्लॅस्टिकची असत. वर्षानुवर्षं गरम पाण्यात राहून त्यांना तडे जातात, दांडा फिरत राहतो, पाणी मात्र फिरत नाही. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि ट्रॅफिकमध्ये काटा 90 च्या पुढे सरकतो.

दुसरा नेहमीचा पाहुणा म्हणजे इग्निशन कॉइल. प्रत्येक स्पार्क प्लगच्या डोक्यावर एक, अशा चार कॉइल. एक गेली की गाडी तीन सिलिंडरवर थरथरत चालते आणि इंजिनाचा दिवा लुकलुकायला लागतो. हे निदान बघण्यासारखं असतं. मिस्त्री लॅपटॉपची केबल डॅशखाली खोचतो, मंडळी या प्रोग्रामला अजून व्हॅग-कॉमच म्हणतात, आणि पडद्यावर पी0302 उमटतं: दुसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकतेय. तो लगेच नवी कॉइल मागत नाही. दुसऱ्याची कॉइल उपसून तिसऱ्यावर बसवतो, तिसऱ्याची दुसऱ्यावर, कोड पुसतो आणि गाडी पुन्हा सुरू करतो. आता पी0303 आलं तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच गेली. आला तोच कोड, तर प्लग, वायरिंग किंवा इंजेक्टर. पाच मिनिटांचं काम, सुट्या भागाचा खर्च शून्य. जो मिस्त्री ही अदलाबदल न करता चारही कॉइल बदला म्हणतो, त्याच्याकडे गाडी ठेवू नये.

उरलेला त्रास रबराचा आहे. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या आपल्या उन्हात कडक होऊन चिरतात, टर्बोच्या दाबाचा ज्यादा वारा परत वळवणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा फाटतो आणि गाडी मंद होते. मालकाला वाटतं इंजिन थकलं. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि 2004 च्या इंधनाच्या नळ्या काही त्याचा विचार करून बनवलेल्या नव्हत्या. त्या आधीच बदलाव्यात. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, सुट्या भागांची उतरत नाही, आणि स्वस्तात मिळालेली आरएस पहिल्या वर्षी मालकाला इथेच गाठते. दिलासा एवढाच, की गोल्फ आणि ऑडीशी सोयरीक असल्यामुळे बाहेरून माल मागवता येतो, आणि कुर्ल्याच्या बाजारात नशीब असेल तर टीटीचा एखादा भागही हाती लागतो.

एवढं झालं की मग रिमॅप. इंजिनाच्या संगणकातली, म्हणजे बॉश मोट्रॉनिक ईसीयूमधली फाइल बदलून टर्बोचा दाब आणि इग्निशनची वेळ वाढवली की 150 ची 180 ते 190 अश्वशक्ती होते, एकही नट न उघडता. अट अशी, की नेहमीच्या पेट्रोलवर समाधान मानता येत नाही. इंजिन ठोका द्यायला लागलं की नॉक सेन्सर इग्निशन मागे घेतो आणि विकत घेतलेले घोडे गायब होतात. मग चढ्या ऑक्टेनच्या पंपाचा शोध सुरू होतो. जुना क्लच असेल तर तो चौथ्या गिअरमध्ये घसरायला लागतो: आरपीएम चढतात, वेग चढत नाही. माझ्या मते टायर, ब्रेक पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल यांचे पैसे रिमॅपच्या आधी बाजूला काढावेत. 190 अश्वशक्तीची, जुन्या कडक टायरवर धावणारी आरएस पावसाळ्यात एक्स्प्रेसवेवर बघितली आहे. बाजूने जावंसं वाटलं नाही.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. रिमॅप डोळ्यांना दिसत नाही, मोठा एक्झॉस्ट मात्र दिसतो आणि ऐकूही येतो. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो. शिवाय पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग, आणि नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल 2022 मध्ये 600 रुपयांवरून 5000 झालं. त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर.

तरीही नावाला भाव आहे. 2020 मध्ये आरएस 245 च्या 200 गाड्या आल्या, 2025 मध्ये नव्या आरएसच्या फक्त 100, जवळपास 50 लाखांच्या, आणि त्या हातोहात गेल्या. जुन्या आरएसचे जाणते मालक मात्र एक गोष्ट कटाक्षाने करतात. मूळ एक्झॉस्ट, मूळ एअरबॉक्स, ईसीयूची मूळ फाइल आणि काढलेला प्रत्येक भाग माळ्यावर नीट बांधून ठेवतात. पासिंगच्या आदल्या दिवशी ते उपयोगी पडतंच, पण गाडी विकायला काढली की चौथ्या मालकाचा पहिला फोनही त्यासाठीच येतो: ओरिजनल माल आहे ना सगळा?