गाविलगड उत्तरेकडून पडला

चिखलदऱ्याला आपण जातो ते बहुधा पावसाळ्यात. पॉइंट पाहायचे, भाजलेलं कणीस खायचं, खवा घ्यायचा आणि परतवाड्याची गाडी धरायची. शेजारचा गाविलगड राहूनच जातो.

नाव पडलं गवळ्यांवरून. या माथ्यावर ते फार पूर्वीपासून गुरं राखत आले. आपण घेतो तो खवाही त्यांचाच. किल्ला बांधला बहमनी सुलतान अहमदशहानं, १४२५ च्या सुमारास. खाली दक्षिणेला वऱ्हाडचं काळ्या मातीचं मैदान, उत्तरेला सातपुडा आणि त्यापलीकडे माळवा. डोंगरातून उतरणाऱ्या फौजेवर नजर ठेवायची आणि पायथ्याचं अचलपूर सांभाळायचं, हे त्याचं काम. १४८८ मध्ये फतेउल्ला इमादशहानं तो दुरुस्त केला. हा मूळचा विजयनगरकडचा, लहानपणी लढाईत धरून आणलेला. किल्ल्याच्या दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे, तो त्याच्या माहेरची आठवण म्हणा ना!

आता १८०३ साल. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. उरलेलं पायदळ गाविलगडात शिरलं. दक्षिणेकडून कडा असा तुटलेला, की तिथून चढणं अशक्यच. पण उत्तरेला किल्ला पठाराशी जोडलेला आहे. वेलस्ली दक्षिणेला थांबला आणि स्टीव्हन्सन मोठ्या तोफा घेऊन डोंगराला वळसा घालून निघाला. रस्ता नव्हता, शिपायांनी वाट फोडत, तोफा हातांनी ओढत पाच-सहा दिवसांत उत्तरेचं लबाडा गाव गाठलं. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून ते आत घुसले. आतला तट मात्र शाबूत होता, मध्ये खोल दरी. कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून चढली आणि तिनं आतून दरवाजा उघडला. राजपूत सरदार बेनीसिंग लढताना मारला गेला.

लढाईच्या वर्णनात बहुतेक लोक इथंच थांबतात. पण आत बायकाही होत्या. मरायला बाहेर पडण्याआधी राजपूत सरदारांनी आपल्या बायका-मुलींना मारून टाकायला सांगितलं होतं. इंग्रजांच्या नोंदीप्रमाणे त्या बारा-चौदा जणी. त्यातल्या तिघी मेलेल्या सापडल्या, काही जखमी, बाकीच्यांना ओरखडाही नव्हता. मला वाटतं, ज्याच्यावर हे काम सोपवलं, त्याचा हातच उचलला नसावा. कॅम्पबेलचं नाव राहिलं, बेनीसिंगाचं राहिलं. या बायकांचा नुसता आकडा राहिला. त्या पुढं कुठं गेल्या, कुणी त्यांना घरात घेतलं का, हे विचारावंसं वाटतं.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला, पण गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले मात्र त्यांच्याकडेच राहिले. म्हणजे ज्याच्यासाठी इतकी माणसं मेली, तो किल्ला परत दिला! पुढं १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि १८५८ मध्ये, तात्या टोपे इथं ठाण मांडतील या धास्तीनं, त्यांनीच गाविलगडाची तटबंदी निकामी करून टाकली.