मातीच्या भिंतीत मुरलेलं ऊन

तळेगावच्या गुलाबांमुळे पॉलिहाऊस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लोखंडी पाइपांचा, चारी बाजूंनी प्लॅस्टिक लावलेला सांगाडा येतो. लडाखमध्ये तसाच सांगाडा उभा केला तर उन्हाळ्यात टोमॅटो छान येतील, पण ऐन हिवाळ्यातल्या एका कडक रात्रीत आतलं सगळं गारठून काळं पडेल. पातळ प्लॅस्टिक दिवसा ऊन आत घेतं आणि रात्री तितक्याच सहजपणे ऊब बाहेर सोडतं. म्हणून लेहजवळच्या एका गावात बारमाही भाजीसाठी जे हरितगृह बांधलं जाताना मी पाहिलं, त्याला प्लॅस्टिक फक्त दक्षिणेच्या अंगाला होतं. बाकी तिन्ही बाजूंना मातीच्या जाड भिंती.

लेहची उंची साधारण 3,500 मीटर. हिवाळ्यात रात्री पारा उणे 20पर्यंत उतरतो, श्रीनगर आणि मनालीचे रस्ते बर्फामुळे बंद पडतात, ताजी भाजी विमानाने आणावी लागते आणि ती सगळ्यांना परवडत नाही. आणि तरीही वर्षातले तीनशेहून अधिक दिवस इथे लख्ख ऊन असतं. या उन्हाचा उपयोग करण्याचे प्रयत्न जुने आहेत. लष्करासाठी संशोधन करणाऱ्या डीआरडीओची प्रयोगशाळा लेहमध्ये 1962पासून आहे. जमिनीत चर खणून वर प्लॅस्टिक अंथरायची साधी, स्वस्त पद्धत तिने रुजवली. मी पाहिलेला नमुना मात्र गेरेस ही फ्रेंच संस्था आणि लडाखमधल्या स्थानिक संस्थांनी मिळून घडवलेला. या कामासाठी गेरेसला 2009मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कारही मिळाला.

बांधकामाच्या आधी मिस्त्रींनी सावली मोजली. लेह 34 अक्षांशावर. 21 डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 32 अंश वर येतो, म्हणजे 10 फूट उंच भिंतीची सावली भर दुपारी 16 फूट लांब पडते. शेजारचं घर, दक्षिणेचा डोंगर, कुणाची गंजी, सगळं त्या हिशेबात धरावं लागतं. अरुंद दरीतल्या ज्या गावांत हिवाळ्यात ऊन दोन-तीन तासच टिकतं, तिथे हे घर बांधण्यात अर्थ नाही, असं ते स्पष्ट सांगत होते. जागा ठरली, मग 32 फूट लांब आणि 16 फूट रुंद अशी आखणी झाली. लांबी बरोबर पूर्व-पश्चिम, आतली जमीन बाहेरपेक्षा खोल खणलेली.

विटा त्याच शेतातल्या मातीच्या. चिखल तुडवायचा, लाकडी साच्यात दाबून विटा पाडायच्या आणि उन्हात वाळवायच्या. हे काम उन्हाळ्यातच उरकावं लागतं. ओल राहिलेल्या विटेतलं पाणी थंडीत गोठून फुगतं आणि वीट भेगाळते.

खरी कारागिरी भिंतीत आहे. भिंत दुहेरी असते. बाहेरची जाड, छताचं ओझं पेलणारी. आतली थोडी बारीक. दोन्हींच्या मध्ये चार इंचांची पोकळी आणि तिच्यात जवाचं कोरडं काड. भिंत हातभर चढली की काड भरायचं, पुन्हा वर चढायचं. मला वाटलं, ठासून भरलं तर जास्त ऊबदार. मिस्त्रींनी माझा हात धरला. ‘‘दाबू नका दीदी, ऊब काडात नसते, मधल्या हवेत असते.’’ गादीवाला कापूस पिंजून भरतो तसं ते मोकळं करून सोडत होते. फक्त कोपऱ्यात बोटांनी सारून रिकामी जागा राहिली नाही ना हे चाचपायचे. काड ओलं असेल तर तिथेच सडतं, म्हणून ढग दिसले की पोकळीच्या तोंडावर ताडपत्री पडायची. भिंत पुरी झाल्यावर हे काम कुणालाच दिसणार नव्हतं. तरीही त्यांनी एकही थर घाईत उरकला नाही, याचं मला फार मोल वाटतं.

उत्तरेची भिंत आतून काळी रंगवली, ती दिवसभर ऊन पिणार. पूर्व-पश्चिमेच्या पांढऱ्या, त्या उजेड रोपांवर परतवणार. मागच्या अर्ध्या छताला पोपलरचे वासे, त्यांवर विलोच्या काठ्या, काड आणि माती. दक्षिणेचं प्लॅस्टिक अतिनील किरणांना टिकेल असं. त्याचा खालचा भाग चांगलाच उभा ठेवतात, हिवाळ्यातलं कललेलं ऊन थेट शिरावं आणि बर्फ घसरून जावं म्हणून. वारा प्लॅस्टिक फडफडवून फाडतो, त्यामुळे पट्ट्या ठोकायला अख्खा दिवस गेला.

पुढच्या जानेवारीत मी पुन्हा गेले. डोंगराआडून ऊन आल्याशिवाय घरमालकीण आमा-ले रात्री प्लॅस्टिकवर ओढलेलं जाड पांघरूण काढत नाहीत. काढलं तेव्हा प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला बर्फाची नक्षी होती. तासाभरात ती वितळून थेंब पालकावर टपटपू लागले. दुपारी आत घाम फुटावा इतकी ऊब, आणि आमा-लेंनी छताची झडप सरळ उघडली. बाहेर सावलीत पाणी गोठत होतं. मी चकित होऊन विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘कोंदट हवेत पानं कुजतात, मावा पडतो. थंडीपेक्षा त्याचीच भीती जास्त.’’ तीनच्या सुमारास त्यांनी काळ्या भिंतीवर तळवा टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मग झडप लावली. ऊन उतरायच्या आत झडप लागलीच पाहिजे. उशीर झाला तर दिवसाची कमाई निसटते. त्यानंतर पांघरूण. रात्रभर भिंत ती ऊब हळूहळू परत देते. बाहेर उणे 20 असताना आत पारा शून्याच्या आसपास रेंगाळतो आणि पालक, मेथी, कोथिंबीर तेवढं सोसतात.

पाणी देतानाही असंच भान लागतं. बादल्या आत भरून ठेवायच्या आणि ऊन तापल्यावर ते पाणी मुळाशी घालायचं. खुडताना फक्त बाहेरची पानं घ्यायची, कारण डिसेंबर-जानेवारीत वाढ जवळजवळ थांबलेली असते. आपण तेव्हा जी पानं खातो ती ऑक्टोबरच्या उन्हात वाढलेली असतात. यासाठी पेरणी सप्टेंबरमध्येच व्हायला हवी, थंडी पडेपर्यंत रोपाने मूळ धरलेलं हवं.

एवढं पाहिल्यावर मला हे आग्रहाने सांगावंसं वाटतं की थंड प्रदेशात हरितगृहाचा खर्च मोजताना आधी भिंत मोजावी. प्लॅस्टिक काही वर्षांत ठिसूळ होतं आणि ते बदलावंच लागतं. त्यासाठी आमा-ले भाजीच्या पैशांतून थोडे बाजूला काढतात. मातीची भिंत गिलावा राखला तर पिढीभर टिकते, आणि तिच्यासाठी लागणारं सगळं गावात असतं. विकत आणावा लागतो तो मिस्त्रीचा वेळ. अनुदानाच्या कागदावर त्या वेळाला जागा मिळायला हवी.

मार्चमध्ये, बाहेरची शेतं अजून गोठलेली असताना, त्याच वाफ्यांत कोबी-फ्लॉवरची रोपं तयार होतात. मे महिन्यात ती शेतात जातात, उरलेली शेजारणी नेतात. मग टोमॅटो, काकडी. जास्तीचा माल टोपलीत भरून आमा-ले लेहच्या बाजारात रस्त्याकडेला बसतात आणि दुपारपर्यंत विकून परततात.