कुंझुम खिंड : घाई कराल तर फसाल!

मनालीला जाऊन आलेली कुटुंबे आता घरोघर सापडतात. बर्फात फोटो काढले, शाली घेतल्या की सहल पुरी झाली. पण मनालीच्या पलीकडे, लाहौल आणि स्पिती या दोन खोऱ्यांना जोडणारी सुमारे १५ हजार फूट उंचीची कुंझुम खिंड आहे. तिथला रस्ता बराचसा कच्चा, दगडगोट्यांचा. तरीही दर उन्हाळ्यात मोटारी आणि मोटारसायकली तिकडे धाव घेतात.

धाव घेण्यासारखे तिथे आहे तरी काय? खिंडीच्या माथ्यावर कुंझुमदेवीचे छोटे मंदिर, वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीबेरंगी पताका आणि समोर चंद्रभागा रांगेची हिमशिखरे. ये-जा करणाऱ्या गाड्या मंदिराला फेरी घालूनच पुढे जातात. खिंडीच्या एका अंगाचे पाणी चंद्रा नदीला मिळते, तर दुसऱ्या अंगाचे स्पिती नदीतून सतलजला. चंद्रा पुढे तांदी येथे भागा नदीला भेटते आणि तिथून चंद्रभागा म्हणवते. पंढरपूरच्या वाळवंटाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

आधी कुठून जायचे?

ऑक्टोबर २०२० मध्ये ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि रोहतांगचा घाट टळला. त्यामुळे सकाळी मनालीत नाश्ता आणि दुपारी कुंझुमवर फोटो, असा बेत अनेकजण आखतात. धोका इथेच आहे. मनाली आहे साडेसहा हजार फुटांच्या आसपास. एका दिवसात त्याच्या दुपटीहून अधिक उंची गाठली, तर शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळच मिळत नाही. डोके ठणकणे, मळमळ, चक्कर, झोप न लागणे ही त्याची लक्षणे. तरणाताठा, व्यायाम करणारा माणूसही यातून सुटत नाही.

म्हणून कुंझुम सहलीच्या सुरुवातीला नव्हे, शेवटी ठेवा. सिमल्याहून निघा. सांगला किंवा कल्पा, मग नाको, ताबो असे मुक्काम करत काझाला या. काझा १२ हजार फुटांवर आहे. तिथे दोन रात्री काढा. हा मार्ग लांबचा खरा, पण उंची हळूहळू वाढते. शिवाय कुंझुम ओलांडली की रस्ता मनालीकडे उतरतच जातो.

पहाट गाठा

बातल ते ग्रांफू या सुमारे ५० किलोमीटरच्या पट्ट्यात अनेक नाले थेट रस्त्यावरून वाहतात. ऊन तापले की वरचे बर्फ वितळते आणि दुपारनंतर पाणी चढते. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला संध्याकाळी गाडी अडवू शकतो. तेव्हा खिंडीअलीकडच्या लोसर गावी मुक्काम करून पहाटेच निघावे. नाल्याशी आल्यावर आधी थांबा, पुढची गाडी कुठून जाते ते पाहा आणि मग पहिल्या गिअरमध्ये, मध्येच न थांबता पार व्हा.

टाकी काझातच भरून घ्या. बातलला धाब्यावर गरम जेवण मिळेल, पेट्रोल नाही. जादा टायर, हवा भरायचा पंप, गरम कपडे आणि दोन वेळचे खाणे जवळ हवेच. मोबाईलवर विसंबू नका. बातलजवळून १४ किलोमीटरवर चंद्रताल हे रम्य सरोवर आहे. मुक्कामाचे तंबू काठापासून दूर असतात. कचरा मात्र आपला आपण परत आणावा.

खिंड साधारण जूनमध्ये उघडते आणि बर्फ पडू लागले की बंद होते. निघण्यापूर्वी काझात चौकशी करा.

कुटुंबाने एक गोष्ट घरीच ठरवून घ्यावी. आजी-आजोबा ‘पोरांचा विरस नको’ म्हणून डोकेदुखी लपवतात, मुलांना ती नीट सांगता येत नाही. म्हणून दर मुक्कामी प्रत्येकाची विचारपूस करा. हृदयविकार किंवा दमा असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. कोणाला बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर वाद न घालता ताबडतोब खाली उतरा. हॉटेलचे पैसे बुडाले तरी चालतील.