वजन नॉर्मल, तरी पोट पुढे? जिममध्ये नाव घालण्याआधी चहाचा कप आणि तेलाचा डबा तपासा!

“माझं वजन तसं बरोबर आहे हो, फक्त थोडं पोट सुटलंय!”

हे वाक्य तुम्ही कुणाच्या तरी तोंडून ऐकलं असेल, कदाचित स्वतःही म्हटलं असेल. लग्नानंतर नवऱ्याचं पोट सुटतं, बाळंतपणानंतर बायकोचं सुटतं आणि चाळिशीनंतर सगळ्यांचंच सुटतं, असं आपण धरूनच चाललोय. वर “खात्यापित्या घरचा दिसतो” असं कौतुकही होतं.

मग एक दिवस ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये रक्तातली साखर वाढलेली निघते आणि प्रश्न पडतो, “मी तर जाडसुद्धा नाही, मग मला कसं काय?”

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात आपल्या पुण्यातल्या एका डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. चला, तिथूनच सुरुवात करूया.

दोन डॉक्टर, एकच बीएमआय, पण चरबी दुपटीहून जास्त!

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३ होता. पण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के!

वरून सडपातळ, आतून चरबी. भारतीयांच्या या ठेवणीची सुरुवात जन्माच्याही आधी होते, असं याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन होतं सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं सुमारे ३.५ किलो. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान होती, स्नायू तर फारच कमी. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती.

थोडक्यात काय, तर आपल्या शरीराला चरबी साठवायची सवय आधीपासूनच आहे. त्यात बैठं काम आणि सतत काहीतरी खाणं यांची भर पडली, की ती चरबी पोटात जाऊन बसते.

पोटावरच्या चरबीची एवढी भीती का?

चिमटीत धरता येते ती त्वचेखालची चरबी. खरी त्रासदायक चरबी त्याच्याही आत, यकृत आणि आतड्यांच्या भोवती साठते. ती नुसती पडून राहत नाही. तिच्यातून सुटणारे चरबीचे घटक थेट यकृताकडे जातात, इन्सुलिनचं काम बिघडतं आणि साखर वाढू लागते. फॅटी लिव्हर, रक्तदाब आणि हृदयविकार यांचंही हिच्याशी जवळचं नातं आहे.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

पँटच्या साईजवर विश्वास ठेवू नका!

“माझी पँट गेली दहा वर्षं ३४ चीच आहे!” असं सांगणारे बरेच जण असतात. पण पोट वाढलं की पँट हळूहळू पोटाखाली सरकते. साईज तीच राहते आणि घेर वाढत जातो. साडी आणि नाडीच्या सलवारीत तर काही कळतच नाही.

म्हणून शिवणकामाची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, उघड्या अंगावर ती गुंडाळा. पोट आत ओढू नका, श्वास सोडा आणि मोजा.

भारतीय पुरुषांसाठी धोक्याची रेषा आहे ९० सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच. स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच. आकडे लक्षात राहत नसतील तर सोपा हिशोब धरा. पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा.

लिंबू-मध, जिऱ्याचं पाणी आणि शंभर क्रंचेस

घेर मोजून झाला की आपण पहिलं काय करतो? मोबाईल उघडतो! तिथे गरम पाणी, लिंबू, मध, जिरं, ओवा, दालचिनी असं सगळं वाट बघत असतं.

स्पष्टच सांगायचं तर यातलं कुठलंही पाणी चरबी वितळवत नाही. प्यालेलं पाणी पोटातल्या चरबीवर ओतलं जात नाही, ते पचनमार्गातून जातं. मग काहींना फरक का पडतो? कारण सकाळचा गोड चहा आणि बिस्किटं यांच्या जागी ते पाणी आलेलं असतं! त्यात चमचाभर मध घालत असाल, तर तीही साखरच आहे.

पोटाच्या व्यायामाचंही तसंच. १९७१ मध्ये टेनिसपटूंच्या दोन्ही हातांची तपासणी झाली होती. खेळणाऱ्या हाताचे स्नायू मोठे होते, पण त्वचेखालची चरबी दोन्ही हातांवर सारखीच होती. ज्या भागाचा व्यायाम करू तिथलीच चरबी जाईल, असं होत नाही. ती सगळ्या शरीरातून कमी होते.

दिलासा एवढाच, की वजन उतरू लागलं की पोटाच्या आतली चरबी तुलनेने लवकर हलते. मग सुरुवात कुठून करायची?

१. चहाच्या कपातून

आपण चहाला खाण्यात धरतच नाही. पण हिशोब करून बघा. एका कपात दोन लहान चमचे साखर म्हणजे साधारण १० ग्रॅम. घरी दोन आणि ऑफिसात दोन असे चार कप झाले की ४० ग्रॅम, म्हणजे १६० कॅलरी. दोन फुलक्यांइतक्या! महिन्याचे होतात १ किलो २०० ग्रॅम. एका माणसाची, फक्त चहातली साखर!

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी.

चहा सोडायची गरज नाही. दर आठवड्याला अर्धा चमचा साखर कमी करा. जीभ काही दिवस कुरकुर करेल, नंतर जुना चहाच गोडमिट्ट वाटू लागेल. बाहेर पूर्ण कपाऐवजी कटिंग घ्या. “आम्ही तर गुळाचा चहा पितो” म्हणणाऱ्यांसाठी, गुळातल्या कॅलरीही जवळपास साखरेइतक्याच असतात.

कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते. उसाचा रस, पॅकबंद फळांचा रस आणि दुकानातलं पन्हं यांच्याकडेही साखर म्हणूनच बघा. तहान लागली तर पाणी, पातळ ताक किंवा साखर न घातलेलं कोकमाचं पाणी प्या. फळ मात्र चावून खा.

आणि हो, व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये फक्त मद्यातूनच सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी येतात. सोबतची चकली, शेंगदाणे आणि नंतरचं जेवण वेगळं!

२. तेलाच्या डब्यातून

चौघांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल पोटात जातं. म्हणजे जवळपास ३४० कॅलरी. तूप, लोणी आणि बाहेरचं तळण यात धरलेलं नाही.

तेच तेल ३ लिटरवर आणलं, तर प्रत्येकाच्या रोजच्या १३५ कॅलरी वाचतात. यासाठी बेचव खावं लागत नाही. डबा आणलात की त्यावर तारीख लिहा. फोडणीला बुधल्यातून थेट तेल ओतू नका, चमच्याने मोजून घाला. आमटीवर तेलाचा तवंग हवाच असा हट्ट सोडा.

३. ताटातून

अनेकांचं ताट असं असतं. चार पोळ्या, बटाट्याची भाजी, वर भात आणि पातळ वरण. पोट गच्च भरतं, पण ताटात मुख्यतः पिष्टच असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसाच्या कॅलरींपैकी धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या आत हवा. आपल्याकडे तो ५० ते ७० टक्क्यांपर्यंत जातो.

उपाय आपल्याच स्वयंपाकघरात आहे. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबिरीचं, पाव ताट पोळी, भाकरी किंवा भाताचं, आणि पाव ताट प्रथिनांचं. प्रथिनं म्हणजे मटकीची उसळ, पिठलं, घट्ट वरण, अंडी, मासे, चिकन, दही. बटाटा भाजीत नाही, भाताच्या बाजूला मोजा.

आधी कोशिंबीर आणि उसळ खा, पोळी-भात नंतर. प्रथिनं आणि चोथा आधी गेला की साखर सावकाश चढते आणि पोटही लवकर भरतं.

४. संध्याकाळी पाच वाजता

दिवसभर नीट वागलेला माणूस इथे घसरतो! चहासोबत खारी, टोस्ट, बिस्किटं. कोपऱ्यावर वडापाव. घरी बरणीतलं मूठभर फरसाण. त्या एका मुठीतच दीडशेच्या आसपास कॅलरी असतात, आणि मूठ कधी एक नसते.

भूक खरी असेल तर दाबू नका. फुटाणे, उकडलेल्या शेंगा, मोड आलेल्या कडधान्याची भेळ, काकडी किंवा एखादं फळ खा. फरसाण बरणीतून थेट तोंडात टाकू नका, वाटीत काढून घ्या. आणि शक्य असेल तर ती बरणी वरच्या फळीवर ठेवा!

लोकलने घरी पोचायलाच साडेनऊ वाजतात, मग लवकर कसं जेवणार? अशा वेळी सातच्या सुमारास डब्यातली पोळी-भाजी किंवा उसळ खाऊन घ्या आणि घरी आल्यावर हलकं काहीतरी घ्या. नंतरची शतपावली विसरू नका. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी रक्तातली साखर आटोक्यात राहायला मदत होते.

५. उपवासाच्या दिवशी

“एकादशी आणि दुप्पट खाशी” ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट. त्यात बटाटा, दाण्याचं कूट आणि तूप. उपवास करायचाच असेल, तर थोडी भगर आणि दाण्याची आमटी, उकडलेलं रताळं, ताक आणि फळं घ्या. खिचडी हवीच असेल तर एक वाटी, दोन ताटल्या नाही.

दोनदा खायचं की दर दोन तासांनी?

हा वाद महाराष्ट्रात घराघरात झालाय. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा. ऋजुता दिवेकर म्हणतात, थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं खा. दोन्ही पद्धतींनी फायदा झालेले लोक तुम्हाला भेटतील.

पण एक गोष्ट बघा. दोन्हीकडे येता-जाता तोंडात टाकायला जागा नाही. खाण्याची वेळ ठरलेली असते आणि खाणं लक्ष देऊन होतं. जी पद्धत तुम्हाला वर्षभर पाळता येईल, ती तुमची.

मग पोट किती दिवसांत कमी होईल?

चहातली साखर निम्मी केली की ८० कॅलरी, तेल कमी केलं की १३५, फरसाणाची मूठ सोडली की १५०. रोजच्या झाल्या साडेतीनशेहून जास्त. महिन्याच्या जवळपास ११,०००. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी.

कागदावर हे सव्वा ते दीड किलो होतात. प्रत्यक्षात शरीर जुळवून घेतं, त्यामुळे महिन्याला किलोभर उतरलं तरी उत्तम! “सात दिवसांत पोट सपाट” सांगणाऱ्या व्हिडिओंमध्ये बहुतेक वेळा उतरतं ते शरीरातलं पाणी, आणि ते लगेच परत येतं.

कुणी जपून राहायचं?

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल, तर मनाने जेवण चुकवू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणं कमी करू नये. पाळी अनियमित असेल, तर आधी तपासणी करून घ्या. आणि पोट थोड्या दिवसांतच फुगलं, घट्ट झालं, हातपाय मात्र बारीक होत चालले, तर ती चरबी समजून बसू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.

तर मंडळी, आज रात्री घरातली टेप शोधा आणि घरातल्या प्रत्येकाचा घेर मोजून कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. या आठवड्यात फक्त एकच सवय बदला, ती बसली की दुसरी. एक महिन्याने पुन्हा मोजा.

आणि “मी कुठे जाड आहे?” म्हणणाऱ्या तुमच्या त्या मित्राला हा लेख नक्की पाठवा. त्यालाच याची सगळ्यात जास्त गरज आहे!