ओरडायचं कुणी?

टोकियो : सकाळी आठच्या सुमारास तोझाई लाइनवर किबा ते मोन्झेन-नाकाचो या दोन स्टेशनांमध्ये जी गर्दी असते, ती समजायला मुंबईकर असावं लागतं. करोनाच्या आधी, २०१९ मध्ये, ऐन गर्दीच्या तासाला इथे डब्याच्या क्षमतेच्या १९९ टक्के माणसं प्रवास करत. त्या वर्षी जपानभरात एवढी गर्दी दुसऱ्या कुठल्या मार्गावर नव्हती. याच लाइनवर निशी-कासाई हे भारतीयांच्या वस्तीचं ठिकाण आहे आणि आयटीच्या नोकऱ्यांसाठी आलेली कितीतरी मराठी कुटुंबं इथे राहतात. मुंबईच्या लोकलमध्ये भांडणं असतात, भजनं असतात, फोनवरच्या गप्पा असतात. इथे खांद्याला खांदा घासत उभी असलेली माणसं एक शब्द बोलत नाहीत. गाडीत फोनवर बोलू नका, अशी विनंती रेल्वे सतत करत असते आणि लोक ती पाळतात. या शिस्तीचं मला कौतुक आहे. पण याच शांततेच्या आडोशाने बायकामुलींच्या अंगाला हात लावणारे पुरुष वर्षानुवर्षं सुटत आले आहेत. त्यांना, आणि त्यांच्या या कृत्यालाही, इथे ‘चिकान’ म्हणतात.

आमच्या शेजारच्या मराठी कुटुंबातली मुलगी इथल्या शाळेत जाते. टोकियो पोलिसांचं ‘डिजी पोलिस’ नावाचं ॲप २०१६ पासून आहे. ते तिने मला तिच्या फोनवर उघडून दाखवलं. एक बटण दाबलं की मोठ्या अक्षरांत मजकूर येतो : इथे चिकान आहे, मदत करा. पुन्हा दाबलं की बाईच्या आवाजात फोनच बोलू लागतो : ‘यामेते कुदासाई’, थांबवा हे.

“काकू, आधी हे शेजारी उभं असेल त्याला दाखवायचं,” ती म्हणाली. “त्याने काही केलं नाही तर मग आवाज.”

“आणि तूच ओरडलीस तर?”

“तेव्हा घशातून आवाजच निघत नाही ना काकू. म्हणून तर हे आहे.”

आवाज न निघणं हा काही जपानी बायकांचा स्वभाव नव्हे. पुण्याच्या पीएमटीत, दादरच्या पुलावर, गावच्या जत्रेत ज्या बाईला असा हात लागला आहे, तिला तो क्षण ठाऊक असतो. आधी वाटतं चुकून लागला असेल. मग कळतं की नाही. आणि ते कळेपर्यंत हातपाय गार पडलेले असतात. नंतर घरी कुणी विचारतं, “मग तू ओरडली का नाहीस?” हा प्रश्न प्रेमाने विचारला तरी दोष तिच्याच पदरात टाकतो. जपानमधल्या बायकांनी गेल्या साडेतीन दशकांत जे काही उभं केलं आहे ते बघितलं की मला वाटतं, त्यांनी हा प्रश्न हळूहळू तिच्यापासून दूर नेला आहे. तिच्या आजूबाजूला उभे होते त्यांनी काय केलं, हे त्या विचारू लागल्या आहेत.

याची सुरुवात ओसाकात झाली, आणि ती फार भयंकर आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये ओसाकाच्या मिदोसुजी मेट्रोत दोन पुरुष एका बाईला त्रास देत होते. डब्यातल्या एका तरुणीने त्यांना हटकलं. आपण सगळ्या मुलींना जे करायला सांगतो तेच तिने केलं, आणि तेही दुसरीसाठी. त्या दोघांनी नंतर तिलाच धमकावून बरोबर नेलं आणि एका बांधकामाच्या जागी तिच्यावर बलात्कार केला. या घटनेने ओसाकातल्या बायका हादरल्या. बोललं तर असं होणार असेल, तर पुन्हा कोण बोलेल? त्यांनी एक गट स्थापन केला, लैंगिक अत्याचार खपवून घेणार नाही असं नावातच सांगणारा, आणि रेल्वे कंपन्यांकडे खेटे घालायला सुरुवात केली. तोवर स्टेशनांवरच्या पाट्या बायकांना सांगायच्या : चिकानपासून सावध राहा. या गटाने प्रवासी बायकांची पाहणी केली, ती कंपन्यांपुढे ठेवली आणि त्यांचा पिच्छा पुरवला. १९९० च्या दशकात पाट्या बदलल्या आणि त्यांच्यावर लिहिलं गेलं : चिकान हा गुन्हा आहे. आज हे वाक्य इतकं सरावाचं झालं आहे की लोक त्याखालून न बघता जातात. पण ‘तू सांभाळून राहा’ पासून ‘तू करतोस तो गुन्हा आहे’ इथपर्यंत यायला एका मुलीचं आयुष्य उद्ध्वस्त व्हावं लागलं, हे ती पाटी दिसली की मला दर वेळी आठवतं.

बायकांचे वेगळे डबे हा दुसरा उपाय. तो वाटतो तेवढा नवा नाही. जानेवारी १९१२ मध्ये टोकियोच्या चुओ लाइनवर शाळेतल्या मुलींसाठी वेगळा डबा काढला होता. तो फार टिकला नाही. युद्धानंतर १९४७ मध्ये त्याच लाइनवर बायका-मुलांचा डबा आला तो १९७३ पर्यंत चालला. पुढे जवळजवळ तीस वर्षं काहीच नाही. डिसेंबर २००० मध्ये केइओ कंपनीने रात्री उशिराच्या गाड्यांना बायकांचा डबा लावून बघितला, २००१ मध्ये जेआर रेल्वेच्या साइक्यो लाइनवर तो आला आणि २००५ पासून टोकियो परिसरात ठिकठिकाणी झाला. आपल्याकडे ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल धावली तेव्हा टोकियोत साधा एक डबाही राखीव नव्हता, हे इथल्या मैत्रिणींना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही.

फरक मात्र मोठा आहे. आपल्याकडे लेडीज डब्यात शिरलेल्या पुरुषाला रेल्वे कायद्याने दंड होतो. इथे या डब्यांना कायद्याचा आधार नाही, ते प्रवाशांच्या सहकार्यावर चालतात आणि बहुतेक ठिकाणी सकाळच्या काही तासांपुरतेच असतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये चियोदा लाइनवर काही पुरुष मुद्दाम या डब्यात चढून उतरायला नकार देत राहिले आणि गाडी अडकून पडली. हा आमच्यावर अन्याय आहे, असं त्यांचं म्हणणं. मला स्वतःला तो गुलाबी पट्टीचा डबा हवासा वाटतो. त्यात चढलं की पाठ आपोआप सैल होते. पण दहा डब्यांतला एक डबा सुरक्षित ठेवला म्हणजे उरलेल्या नऊ डब्यांचा प्रश्न सुटत नाही. शिवाय ‘तू त्या डब्यात का नव्हतीस?’ असं विचारायला एक नवी जागा होते.

२०१५ मध्ये टोकियोतल्या एका शाळकरी मुलीला जाता-येता सतत हा त्रास होत होता. पोलिसांत जाऊन झालं, डबे बदलून झाले. शेवटी तिने आणि तिच्या आईने मिळून एक कार्ड बनवलं आणि दप्तराला लटकवलं : चिकान हा गुन्हा आहे, मी मुकाट्याने सोसणार नाही. त्रास थांबला. आईच्या मैत्रिणीने, मात्सुनागा यायोई यांनी, हे ऐकलं आणि लोकवर्गणी काढून त्या कार्डाचे बॅज केले. त्यांच्या डिझाइनसाठी विद्यार्थ्यांच्या स्पर्धा घेतल्या. छोटा बिल्ला. एकावर डोळे वटारलेली मुलगी, दुसऱ्यावर मांजर, आणि ठळक अक्षरांत तेच वाक्य. त्यामागचा विचार साधा आहे. हा माणूस गप्प बसेल अशी मुलगी हेरत असतो. ही गप्प बसणार नाही हे त्याला हात पुढे करण्याआधीच कळावं. तोंड उघडायची वेळ येण्याआधीच ते वाक्य बोललं गेलेलं असतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला शाळेत जाताना असलं वाक्य अंगावर मिरवावं लागतं याचं मला दुःख आहे आणि संतापही. तरीही माझ्या मुलीला लागला असता तर मी तो आणून दिला असता.

त्यानंतर २०१९ च्या मे महिन्यात जपानी ट्विटरवर सेफ्टी पिनेवरून वाद पेटला. कुणीतरी सांगितलं की शाळेतल्या नर्सबाईंनी मुलींना सेफ्टी पीन टोचायचा सल्ला दिला होता. आपल्या आया-मावश्यांनी बसमध्ये, लोकलमध्ये हेच केलं आहे; ब्लाउजची पीन हातात धरून चढायचं हे मी लहानपणापासून ऐकत आले. इथे मात्र लोक म्हणू लागले, चुकून निरपराध माणसाला टोचली तर? हा तर हल्ला झाला. या वादात शाचिहाता ही रबरी शिक्के बनवणारी नागोयाची कंपनी पडली. इथे ऑफिसांत, घरांत सगळीकडे तिचे शिक्के वापरतात. तिने ऑगस्टमध्ये एक शिक्का आणला : हात लावणाऱ्याच्या हातावर दाबायचा, शाई डोळ्यांना दिसत नाही, अतिनील दिव्याखाली उमटते. अडीच हजार येन किंमत, प्रयोगादाखल ५०० नग. अर्ध्या तासात संपले.

आता निरपराध माणसाबद्दल. हा मुद्दा इथे कुठल्याही चर्चेत दहाव्या मिनिटाला येतो, आणि तो खोटा नाही. गर्दीत कितीतरी पुरुष दोन्ही हातांनी वरच्या कड्या धरून उभे असतात, आपले हात सगळ्यांना दिसावेत म्हणून. दिग्दर्शक सुओ मासायुकी यांचा २००७ चा चित्रपट याच विषयावरचा. एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओदाक्यू लाइनवरच्या अशाच एका खटल्यात खालच्या न्यायालयांनी दोषी ठरवलेल्या प्राध्यापकाला निर्दोष सोडलं. खोट्या आरोपावरचा विमादेखील इथे विकला जातो. २०१७ मध्ये तर आरोप झाला की रुळांवर उडी मारून पळायचं असे प्रकार लागोपाठ घडले. पण नीट बघितलं तर यातला खरा दोष तपासाच्या पद्धतीचा आहे. जपानमध्ये आरोपपत्राआधी २३ दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येतं, आणि खटला उभा राहिला की ९९ टक्क्यांहून जास्त आरोपी दोषी ठरतात. माणूस घाबरणारच. ती यंत्रणा सुधारायला हवी, यात शंका नाही. ती सुधारेपर्यंत बायकांनी तोंड मिटून बसावं, हे मात्र मला कधीच पटलेलं नाही.

गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे जपानच्या कायद्यात लिहिलं जायला फार वर्षं लागली. १९०७ च्या दंडसंहितेत बलात्कार सिद्ध करायला हिंसा किंवा धमकी दाखवावी लागे. मार्च २०१९ मध्ये लागोपाठ चार खटल्यांत आरोपी सुटले. तेव्हा लेखिका किताहारा मिनोरी आणि इतरांनी हाक दिली आणि ११ एप्रिलला टोकियो स्टेशनसमोर बायका हातात फुलं घेऊन जमल्या. पुढे दर महिन्याच्या ११ तारखेला गावोगावी हे होत गेलं. कुणी घोषणा दिल्या नाहीत. एकेक बाई पुढे यायची, माइक घ्यायची, स्वतःवर गुदरलेलं सांगायची, आणि बाकीच्या ऐकायच्या.

१३ जुलै २०२३ पासून नवा कायदा लागू झाला. संमतीशिवाय केलेलं कृत्य, हेच आता गुन्ह्याचं नाव आहे. संमतीचं वय १३ वरून १६ झालं. कायद्यात आठ परिस्थिती नोंदवल्या आहेत. त्यांपैकी दोन मी पुन्हा पुन्हा वाचल्या. एक, अनपेक्षित प्रसंगाने भीतीने किंवा धक्क्याने माणूस गोठून जाणं. दुसरी, नको म्हणायला वेळच न मिळणं. गर्दीतल्या त्या एका क्षणाचं याहून नेमकं वर्णन मी कायद्याच्या भाषेत वाचलेलं नाही. एरवी साध्या स्पर्शाचे खटले बहुतेक करून त्या त्या प्रांताच्या उपद्रवविरोधी नियमाखाली चालतात. टोकियोत त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड आहे. नवा गुन्हा लागला तर सहा महिने ते दहा वर्षं. त्याच दिवशी चोरून फोटो काढण्याविरुद्धचा वेगळा कायदाही लागू झाला. इथले बहुतेक मोबाइल फोटो काढताना ‘खचाक्’ असा आवाज करतात आणि तो बंद करता येत नाही, तो याच त्रासापायी, गेली वीसेक वर्षं.

मार्च २०२३ मध्ये सरकारने चिकानविरोधी उपाययोजना जाहीर केली. तिच्यात जानेवारीतल्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेचाही विचार आहे. त्या दिवशी मुली पोलिसांत जाऊन परीक्षा चुकवणार नाहीत, तेव्हा संधी साधा, असं काही जण इंटरनेटवर एकमेकांना सांगत असत. वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. आता परीक्षेच्या दिवसांत पोलीस आणि रेल्वेची माणसं फलाटांवर आणि गाड्यांत गस्त घालतात.

इकडे शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्या मराठी मुली आणि त्यांचे आईवडील मला विचारतात, म्हणून लिहिते. पोलिसांचा नंबर ११० आहे. लैंगिक गुन्ह्यांसाठी पोलिसांची वेगळी लाइन हॅश ८१०३ आणि मदत केंद्रांची हॅश ८८९१. फलाटावरच्या कर्मचाऱ्याला ‘एकीइन-सान’ म्हणून हाक मारायची, तो लगेच येतो. आणि डब्यात एखादी अनोळखी मुलगी तुमच्यासमोर फोनचा पडदा धरेल तेव्हा भाषा येत नाही म्हणून नजर वळवू नका. तिच्या आणि मागच्या माणसाच्या मध्ये स्वतःची बॅग घाला, तिचा हात धरून पुढच्या स्टेशनवर उतरा, आणि ती सांगत असेपर्यंत तिथे थांबा. साक्षीदार नसल्यामुळे कितीतरी तक्रारी पुढे जात नाहीत. तुम्ही काय पाहिलं ते पोलिसांनी लिहून घेतलं की दहा मिनिटं उशिरा ऑफिसला पोचलात तरी चालेल.