अड्यारची खाडी आणि नेय्दल : उपऱ्या वनस्पतींच्या उच्चाटनाविषयी

प्राचीन तमिळ काव्यशास्त्रात भूमी ही काव्याची केवळ पार्श्वभूमी नव्हे. ती त्याच्या अर्थाची पहिली अट आहे. तोल्काप्पियम् या ग्रंथाच्या ‘पोरुळधिकारम्’ या तिसऱ्या खंडात प्रेमकाव्याच्या द्रव्याची तीन अंगे सांगितली आहेत. ‘मुदल’ म्हणजे भूमी व काल. ‘करु’ म्हणजे त्या भूमीत उपजणारे वृक्ष, पशुपक्षी, तेथील माणसांचे व्यवसाय आणि दैवते. व ‘उरि’ म्हणजे त्या भूमीला उचित असा भाव. यांपैकी सागरकिनारा व खाजण यांची जी तिणै, तिला ‘नेय्दल’ या जलपुष्पाचे नाव मिळाले असून विरहिणीची व्याकुळता हा तिचा भाव मानला आहे.

चेन्नईत अड्यार नदी बंगालच्या उपसागरास मिळते, त्या मुखाशी असलेल्या खाडीकाठी 58 एकरांचे एक उद्यान आहे. 22 जानेवारी 2011 रोजी खुल्या झालेल्या या उद्यानास ‘तोल्काप्पियप् पूंगा’ हे नाव देण्यात आले. हे नाव वैयाकरणाविषयीच्या आदरापोटी दिले असले, तरी तेथे जे कार्य झाले त्याचे मर्म त्या ग्रंथाच्या साहाय्याने अधिक स्पष्ट होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

शहराच्या वाढीबरोबर ही खाडी राडारोडा व सांडपाणी यांचे आगर बनली होती. 1990 च्या दशकात तिच्या काठच्या बांधकामाचा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेला. भरावाच्या जागी वेड्या बाभळीचे रान माजले होते. मध्य अमेरिकेकडील हे झाड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, उजाड जमिनीवर सरपण मिळावे म्हणून, भारतात आणले गेले. तमिळमध्ये त्यास ‘सीमै करुवेलम्’ म्हणतात. करुवेलम् म्हणजे आपली बाभूळ व ‘सीमै’ म्हणजे विलायती. मराठीने या झाडाच्या वागण्यावर बोट ठेवले, तमिळने त्याच्या आगमनावर. दोन्ही भाषांनी ते आपले नव्हे हे नावातच नोंदवून ठेवले आहे.

या झाडाचा बंदोबस्त सोपा नाही. बुंधा तोडला की त्यातून अनेक धुमारे फुटतात. शेळ्यामेंढ्या व गुरे त्याच्या गोड शेंगा खातात आणि शेणा-लेंड्यांतून बी दूरवर पोचते. ते बी जमिनीत वर्षानुवर्षे रुजण्याजोगे राहते. म्हणून झाड मुळासकट उपटणे आणि त्यानंतर प्रत्येक पावसाळ्याअंती नवी रोपे शोधून काढणे, हे दोन्ही करावे लागते. शिवाय मोकळ्या झालेल्या जागी स्थानिक झाडे वेळीच न लावल्यास तीच बाभूळ परत येते.

परंतु हा सारा ‘करु’चा विचार झाला. अड्यारच्या खाडीत त्याआधी ‘मुदल’ सावरावे लागले. भराव काढणे, पात्र खोल करणे व भरतीच्या पाण्यास आत-बाहेर वाट देणे ही कामे झाल्यावरच तेथे तिवर, कांदळ यांची लागवड अर्थपूर्ण ठरली. बगळे, खंड्या व हिवाळी पाहुणे असलेल्या तुताऱ्या यांना वृक्षांइतकाच उघडा चिखल हवा असतो, आणि तो चिखल भरती-ओहोटीवाचून निर्माण होत नाही. उलट उदाहरण जलपर्णीचे. ती कितीही उपसली तरी सांडपाण्यातील खतावर पुन्हा पसरते; पुण्या-पिंपरीच्या नद्यांकाठी राहणाऱ्यांस हे नव्याने सांगावयास नको. मुदल बिघडलेले असता केवळ करु बदलण्याचा यत्न फोल ठरतो.

‘उरि’चा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. रामनाथपुरम् जिल्ह्यात वेड्या बाभळीच्या कोळशावर अनेक गरीब कुटुंबे जगतात. पक्षीही तिच्यावर घरटी बांधतात. 2017 साली मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाने तिच्या सरसकट उच्चाटनाचे आदेश दिले आणि त्याच वर्षी त्या मोहिमेस स्थगितीही मिळाली. 2022 साली तमिळनाडू शासनाने यासंबंधीचे धोरण जाहीर केले, तेव्हा त्याच्या शीर्षकात उपऱ्या वनस्पतींबरोबर अधिवासांच्या पुनःस्थापनेचाही उल्लेख होता. जे काढावयाचे त्याच्या जागी काय यावे आणि त्यावर जगणाऱ्यांचे काय व्हावे, हे ठरविल्यावाचून कुऱ्हाड चालविणे म्हणजे उजाडपणास आमंत्रण होय.

संघम् काव्यातील नेय्दल-कवितांत पुन्नै, ताळै व कण्डल वारंवार येतात. पुन्नै म्हणजे आपली उंडी, ताळै म्हणजे केवडा, आणि कण्डल हा शब्द कोकणातील ‘कांदळा’शी विलक्षण जवळचा आहे. ‘नट्रिणै’ या संग्रहातील एका प्रसिद्ध कवितेत पुन्नैच्या झाडाखाली प्रियकरास भेटावयास संकोच वाटतो, कारण आईने त्या झाडास धाकटी बहीण म्हटलेले असते. हा संकोच समजण्यासाठी पुन्नै पाहिलेली असावी लागते. गाथासप्तशतीतील गोदाकाठच्या संकेतस्थळांबाबतही हेच म्हणता येईल. काठ ओस पडला की कविता कोशाच्या आधाराने वाचावी लागते.

अर्थात संघम् काव्य हा वनस्पतींचा पंचनामा नव्हे. त्यातील यादी पाहून रोपे लावणे हा भाबडेपणा ठरेल. त्या परंपरेकडून घ्यावयाचा तो क्रम : आधी भूमी व पाणी, मग त्यांवर उपजणारे जीवन, आणि त्यानंतर माणसाचा त्याच्याशी जडणारा भाव. अड्यारच्या काठी हा क्रम निदान 58 एकरांपुरता पाळला गेला. नदीचे उरलेले पात्र सांडपाण्यापासून मुक्त झाल्याखेरीज त्या 58 एकरांतील नेय्दलही निर्धास्त राहणार नाही.